नाकेदारांचा गोठा

आमच्या मामंजींनी आयुष्यात कुठलीही वस्तू सरळ हातात घेतली नाही. आधी टोचायचं, मग घ्यायचं. भाजीवाल्याचा भोपळा असो, गवळ्यानं दिलेलं लोणी असो की सुनेनं केलेला लाडू, मामंजींची काडी, पिन, सुई, जे हाताशी असेल ते आधी आत जाऊन यायचं. माझं लग्न झालं तेव्हा माहेरून आलेल्या उशासुद्धा त्यांनी टोचून पाहिल्या होत्या. माझी आई हे जन्मभर विसरली नाही.

यात त्यांचा दोष नव्हता. देशावरच्या आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या जकात नाक्यावर त्यांची सारी नोकरी गेली. गावात शिरणारी प्रत्येक गाडी त्यांच्या आडव्या बांबूपाशी थांबायची आणि मामंजी हातात लोखंडी सळई घेऊन उतरायचे. गवतावर जकात नव्हती, गुळावर होती. त्यामुळे गुळाच्या ढेपा गवताखाली दडवून आणायची तिकडे रीतच होती. गाडीवाला गवताच्या भाऱ्यावर बसून पानाला चुना लावत असायचा आणि मामंजींची सळई गवतातून आत गेली की 'टक्' असा आवाज यायचा. "वर गवत, खाली गूळ," एवढंच ते बोलायचे आणि पावतीपुस्तक उघडायचे. पुढे हेच त्यांचं जगाबद्दलचं मत होऊन बसलं. कुणी फार गोड बोललं, फार स्वस्त दिलं, फार वाकून नमस्कार केला, की मामंजी माझ्याकडे बघून हळूच म्हणायचे, "सूनबाई, वर गवत, खाली गूळ."

नाक्याचा एक नियम मात्र ते देवाधर्मासारखा पाळत. मालाला टोचायचं, पण माणसाला आधी विचारायचं. "गाडीत काय आहे, हे पहिल्यांदा गाडीवाल्याला विचारायचं. तो आपल्या तोंडानं बोलला तर चोर नाही. सळई टक् वाजल्यावर बोलला तर चोर. पण विचारल्याशिवाय सळई उचलायची नाही. तेवढी संधी परक्यालाही द्यायची," असं ते सांगत. गावातले गाडीवाले त्यांना शिव्या देत, आणि लग्नमुंजीला पहिलं आमंत्रणही त्यांनाच देत.

सासूबाई गेल्यानंतर ते आमच्याकडे कलकत्त्याला आले. हे तिथं बरीच वर्षं बँकेत होते, आणि बँका सरकारी झाल्यावर शेतीकर्जाचं जे नवं खातं निघालं त्यात ह्यांची बदली झाली होती. रासबिहारी रस्त्याच्या बाजूला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड होतं. मामंजींना आणायला आम्ही हावड्याला गेलो. परतताना टॅक्सी पुलावर चढली तसे ते खिडकीतून खाली वाकून बघायला लागले. "वसंता, ह्या पुलाला नदीत खांब नाहीत." हे कौतुकानं म्हणाले, "नाहीतच अण्णा, तीच तर त्याची गंमत आहे." मामंजी गंभीर झाले. "मग उभा कशावर आहे?" आणि पलीकडचा काठ येईपर्यंत त्यांनी दाराची मूठ सोडली नाही.

तरी कलकत्ता त्यांना मानवलं. तो काळच तसा होता. भिंती घोषणांनी लाल झाल्या होत्या, दुपारी कुठंतरी धडाम् असा आवाज व्हायचा आणि गल्लीतल्या खिडक्या एकेक करून बंद व्हायच्या. दाराची कडी वाजली की आतला माणूस आधी फटीतून बघायचा. दूधवाला पोलिसांचा माणूस आहे, असं एक शेजारीण सांगे, आणि त्याच शेजारणीचा भाचा फरारी आहे, असं दूधवाला सांगे. आम्ही सगळे जीव मुठीत धरून राहत होतो, आणि मामंजी म्हणत, "हे गाव शहाणं आहे. इथं कुणी कुणावर उगाच विश्वास ठेवत नाही." पहिल्यांदा रसगुल्ला समोर ठेवला तेव्हा त्यांनी माझी विणकामाची सुई घेऊन तो आरपार टोचला. पाक बशीत ओघळला. "आत काही नाही," असा निर्वाळा देऊन त्यांनी उरलेला चोथा खाल्ला. ती सुई मात्र मला परत मिळाली नाही. नंदूचा स्वेटर अर्धाच राहिला.

नंदू म्हणजे आमचा मुलगा. तेव्हा नुकताच शाळेत जायला लागला होता. कलकत्त्यातच जन्मलेला, त्यामुळे त्याचं मराठी बंगालीच्या ताटात वाढलेलं. त्याचा जीव होता ट्रॅक्टरांवर. ह्यांच्या कामामुळे ट्रॅक्टर विकणाऱ्या कंपन्यांचे लोक बँकेत येत, आणि नव्या वर्षाला कॅलेंडर-डायरीबरोबर टेबलावर ठेवायचा एकेक लहानसा लोखंडी ट्रॅक्टर देऊन जात. एक लाल, एक निळा, एक हिरवा. चाकं खरी रबराची, स्टिअरिंग फिरायचं. हे ते घरी आणत आणि नंदू ते उशाशी घेऊन झोपे.

मामंजींनी पहिल्याच दिवशी लाल ट्रॅक्टर उलटा करून पोटाशी सुई फिरवली. "हे कुणी दिलं?"

"एका विक्रेत्यानं, अण्णा. सगळ्यांनाच देतात. जाहिरात असते ती."

"जाहिरात भिंतीवर लावतात. घरात पाठवत नाहीत."

हे हसले. मामंजी हसले नाहीत. नोकरीभर त्यांनी कुणाचा पानाचा विडासुद्धा घेतला नव्हता. संध्याकाळी मी पोळ्या करत होते तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पोराचं खेळणं आहे, असू दे. पण माणूस कधी गाडीभर गूळ एकदम आणत नाही सूनबाई. आधी गवतच आणून बघतो, नाक्यावर कोण बसलंय ते."

त्यानंतर काही दिवसांनी पॅसेजमध्ये पडलेल्या निळ्या ट्रॅक्टरवर त्यांचा पाय पडला आणि ते चांगलेच आपटले. कंबर शेकून झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की ट्रॅक्टरांना गोठा पाहिजे. "काम करणाऱ्या जनावराला गोठा हवा. पलंगाखाली काय निजतात?" नंदू टाळ्या पिटत नाचला. हे म्हणाले, अण्णांचा वेळ छान जाईल. मला मात्र शंका आली. मामंजींनी कधी कुठलं काम नुसतं वेळ जावा म्हणून केलेलं मी पाहिलं नव्हतं.

रस्त्यावरच्या एका दुकानात चहाची रिकामी खोकी मिळत. तसलं एक खोकं त्यांनी आणलं, पातळ लाकडाचं, कडांना पत्र्याची पट्टी ठोकलेलं. मोहरीच्या तेलाचा डबा कापून छपराला पत्रा काढला. तो सपाट पत्रा त्यांना चालेना. लाटण्यावर दाबून दाबून त्यांनी त्याला नाल्या पाडल्या, तेव्हा कुठं तो खऱ्या पत्र्यासारखा दिसायला लागला. लाटणं कायमचं चेपलं. करवतीचा भुसा घरभर होतो आणि नंदूला आधी दिसायला नको, म्हणून दुपारी ते दार लावून बसत. आतून ठोकठोक, कराकरा, आणि मध्येच पूर्ण शांतता.

एक दिवस खालच्या मजल्यावरचे सान्यालबाबू वर आले. एका शाळेत गणित शिकवत, घाबरट पण सज्जन माणूस. आज त्यांच्याबरोबर गल्लीतले दोन तरुण होते. सान्यालबाबूंनी घाम पुसत विचारलं, "मेशोमोशाई, रोज दुपुरे दोरजा बोंधो कोरे की बानाच्छेन?" रोज दुपारी दार बंद करून काय बनवता? मामंजींनी कोपऱ्यावरच्या दुकानातून बारीक खिळे दोनदा नेल्याची बातमी गल्लीत पोचली होती, आणि त्या दिवसांत खिळे बॉम्बमध्ये भरतात हे लहान पोरालाही ठाऊक होतं. मामंजींना बंगाली येत नव्हतं, पण तो सूर त्यांना जन्माचा ओळखीचा होता. त्यांनी दार सताड उघडलं. "आओ. देखो. बराबर देखो."

सान्यालबाबूंनी गोठा पाहिला. मग छप्पर उचलायला लावून आत पाहिलं. मग खाली वाकून तळाखाली पाहिलं. खिळ्यांची डबी हलवून पाहिली. शेवटी ते ओशाळून हसले आणि ते दोघे तरुण तर त्या नालीदार पत्र्यावर हात फिरवत बसले. मला वाटलं, मामंजी आता संतापणार. पण ते गेल्यावर मामंजींचा चेहरा उजळला होता. "सूनबाई, कलकत्त्यात पहिला माणूस भेटला. आधी विचारलं, मग बघितलं. आणि वरवर बघून गेला नाही, खाली वाकला." त्या दिवसापासून त्यांची आणि सान्यालबाबूंची दोस्ती झाली. दोघं गॅलरीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाबद्दल आपापल्या भाषेत संशय व्यक्त करत, आणि दुसऱ्याला सगळं समजत असे.

गोठा झाला तो दिवस नंदूच्या आयुष्यातला फार मोठा होता. पुढून उघडा, मागं भिंत, वर चमकणारं पन्हाळी छप्पर. आत मामंजींनी भिंतीला लागून लांबलचक गव्हाण केली होती आणि तीत काचसामानाच्या खोक्यातलं गवत भरून ठेवलं होतं. नंदू निरखून बघत म्हणाला, "आजोबा, ट्रॅक्टर तो तेल खातो." मामंजी क्षणभर गांगरले. मोजून मापून गोठा करताना जनावर बदललंय हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पण ते सावरले. "खाऊ दे. गव्हाणीशिवाय गोठा नसतो." आणि गोठ्याच्या तोंडाशी, दोन खुंट्यांवर, माझी हरवलेली विणकामाची सुई आडवी टेकवली होती. तो नाका. आत जाणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरनं तिथं थांबायचं. "काय आहे गाडीत?" मामंजी विचारायचे. "किछु नाही!" नंदू सांगायचा. मग सुई वर व्हायची. "सोड गाडी!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ह्या घरात येणारा प्रत्येक ट्रॅक्टर आता मामंजींच्या नजरेखालून जाणार होता.

चौथा ट्रॅक्टर थंडीच्या दिवसांत आला. हे बराकपूरच्या पलीकडे कर्जाची पाहणी करायला गेले होते, सकाळच्या गाडीनं गेले की अंधार पडता परतत. दुपारी एका ट्रॅक्टर कंपनीचा शिपाई आला, मोठं खोकं माझ्या हातात देऊन "साहेबांच्या बाळासाठी" म्हणाला आणि चहाही न घेता उतरला. आतला ट्रॅक्टर पिवळा होता, मागं ट्रॉली जोडलेली, आणि ट्रॉलीत फुटू नये म्हणून घालतात तसलं गवत. नंदूनं किंचाळत तो नाक्यावर आणला. "काय आहे गाडीत?" "किछु नाही!" मामंजींनी खेळातल्या खेळात सुई उचलून गवतात खुपसली.

टक् असा आवाज झाला.

मी आणि मामंजी एकमेकांकडे बघत राहिलो. त्यांनी नंदूला सान्यालबाबूंकडे पाठवलं आणि मगच गवत बाजूला केलं. खाली मखमली डबी होती. डबीत मनगटी घड्याळ, परदेशी, सोनेरी, लखलखीत.

"देणाऱ्याला कसं ठाऊक," मामंजी अगदी हळू म्हणाले, "वसंताला घड्याळ पाहिजे म्हणून?"

ह्यांचं घड्याळ बरेच दिवस मध्येच बंद पडत होतं. मनगट झटकून ते कानाशी नेण्याची ह्यांना सवय लागली होती, आणि बदलायला हवं असं हे येताजाता म्हणत. घरात म्हणत, तसं बाहेरही म्हणाले असतील? सहज म्हणाले असतील, की कुणी ऐकावं म्हणून? हा प्रश्न माझ्या मनात आला, आणि आल्यावर मी त्याला घालवू शकले नाही.

"मामंजी, आज आले की विचारू या ह्यांना," मी म्हटलं.

"नाही," ते म्हणाले. "कुणी काही विचारायचं नाही. त्याचा माल असेल तर तो आपण होऊन शोधत येईल." त्यांनी डबी गोठ्यातल्या गव्हाणीत ठेवली आणि वर गवत पसरलं. नाक्याचा नियम मला पाठ होता. माणसाला आधी विचारायचं. तो नियम ते स्वतः मोडत होते, हे मला जाणवलं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून बोलायचं धैर्य झालं नाही.

हे रोज येत, नंदूबरोबर गोठ्यापाशी बसत, पिवळा ट्रॅक्टर चालवून बघत, "फारच झकास आहे हो हा," म्हणत. मामंजी वर्तमानपत्राच्या आडून बघत असत. ह्यांचा हात गव्हाणीच्या जवळ गेला की त्यांचं वर्तमानपत्र थांबायचं आणि माझी पोळी करपायची. हे गाणं गुणगुणले की मला वाटायचं, का बरं खुशीत आहेत? गप्प बसले की वाटायचं, काय लपवताहेत? ह्यांच्या शर्टाचे खिसे मी धुण्याला टाकताना नेहमीच बघत होते, पण आता एकेक चिठोरं उलगडून वाचायचे. माझा नवरा लाच खातो का, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर खेळण्यातल्या गोठ्यात गवताखाली टिकटिकत होतं. कारण ते घड्याळ हलवलं की चालू व्हायचं आणि नंदू दिवसभर गोठा हलवत असायचा.

एका जेवणात हे म्हणाले, "त्या पिवळ्या ट्रॅक्टरवाल्यांची मोठी कर्जप्रकरणं आलीत. ह्या आठवड्यात सही करायची आहे." मामंजींचा घास हातातच राहिला. "करणार?" "कागद बरोबर असतील तर का नाही?" हे म्हणाले आणि आमटी मागितली. मामंजी अर्ध्या जेवणावर उठले. पोट ठीक नाही म्हणाले.

त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांतच हे दुपारीच घरी आले. इतक्या लवकर कधी येत नसत. बूट न काढता सरळ बैठकीत आले आणि उभ्या उभ्याच त्यांनी विचारलं, "त्या पिवळ्या ट्रॅक्टरच्या खोक्यात आणखी काही होतं का?"

मामंजींनी चष्मा काढला. "काय असायला हवं होतं?"

"तेच कळत नाही! मी त्या लोकांची प्रकरणं आज परत पाठवली. त्या गावांत जाऊन बघितलं, ज्यांच्या नावावर ट्रॅक्टर आहेत त्यांच्याकडे बांधावर उभं राहायला जमीन नाही. तर त्यांचा माणूस बँकेत येऊन मला म्हणतो, 'साहब, घड़ी तो ठीक चल रही है ना?' मी म्हटलं, नाही, बंदच पडते सारखी. तर तो हसला. एस्प्लनेडला ट्रॅममध्ये बसलो आणि मग डोक्यात आलं, हा असं का हसला? कसली घड़ी? अण्णा, काय होतं खोक्यात?"

मामंजी उठले. गोठ्यापाशी मांडी घालून बसले, आडवी सुई काढून बाजूला ठेवली आणि गव्हाणीतून डबी काढून ह्यांच्या हातात दिली. मला तिथंच रडू कोसळलं. आनंदाचं होतं ते. सुटलो, असं वाटलं.

पण हे डबी उघडून तसेच उभे राहिले. चेहरा उतरत गेला. "हे तुम्हाला सापडलं, त्याला किती दिवस झाले?" ह्यांनी डबी मिटली. "म्हणजे रोज मी इथं नंदूशी खेळत होतो, आणि तुम्ही बघत होतात, मी गवतात हात घालतो का?"

"वसंता..."

"नाक्यावर परक्या गाडीवाल्याला तुम्ही आधी विचारत होतात, अण्णा. मला विचारलंसुद्धा नाहीत."

मामंजी खाली बघत होते. मग त्यांनी जे सांगितलं ते इतक्या बारीक आवाजात, की मला आधी नीट ऐकूच आलं नाही. "भीती वाटली रे. तू काय उत्तर देशील, ह्याची."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी घड्याळ बँकेतल्या वरच्या साहेबांसमोर ठेवून ते परत पाठवलं. आणि नुसतं घड्याळ नाही. लाल, निळा, हिरवा, पिवळा, चारही ट्रॅक्टर वर्तमानपत्रात गुंडाळून नेले. "एकही नको घरात," म्हणाले. नंदू जिन्यापर्यंत रडत गेला. त्याला काही समजावता येईना. गोठा रिकामा झाला. गव्हाणीत गवत, छपरावर ऊन, आणि आत काही नाही. मामंजी त्या रिकाम्या गोठ्यासमोर खुर्ची टाकून बसत. हे त्यांच्याशी बोलत, नाही असं नाही. "अण्णा, पाणी तापलंय." "अण्णा, औषध घेतलंत?" एवढंच. ह्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. चढलेला आवाज उतरतो तरी.

मामंजींनी पुन्हा दार लावून काम सुरू केलं. ह्या वेळी सान्यालबाबू विचारायला आले नाहीत, उलट खोक्याच्या लाकडाचे तुकडे घेऊन आले. आठवड्यानं बाहेर आला तो लाकडी ट्रॅक्टर. माझ्या दोऱ्याच्या रिकाम्या रिळांची चाकं, आगपेटीएवढं नाक, धुराडं म्हणून एक वाकडा खिळा. दिसायला तो बैलासारखाच दिसत होता. नंदूनं तो हातात घेतला नाही. आधी बाजूला पडलेली सुई उचलली, ट्रॅक्टर उलटा करायला लावला आणि पोटाशी टोचून पाहिला.

"किछु नाही?" त्यानं संशयानं विचारलं.

"काही नाही रे बाबा," मामंजी म्हणाले. "बघ नीट. नुसतं लाकूड आहे."

"सोड गाडी," नंदू म्हणाला, आणि गोठ्यात एक जनावर आलं.

फाल्गुनात मामंजी गावी जायला निघाले. थोरले दीर तिथंच होते, घर होतं. हे थांबा म्हणाले, पण दोनदा म्हणाले नाहीत. मामंजींची एक लोखंडी ट्रंक होती, आणि तिची किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली असे. ती ट्रंक त्यांच्याशिवाय कुणी भरायची नाही, कुणी उघडायची नाही. सासूबाईंनीही कधी उघडली नव्हती. निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी जानव्याची गाठ सोडली आणि किल्ली ह्यांच्यापुढं धरली.

"तू भर," म्हणाले. "तूच कुलूप लाव."

ह्यांनी एकदा किल्लीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि ट्रंक भरायला बसले. जाऊबाईंसाठी तांताच्या सुती बंगाली साड्या, पुतण्यांना शर्ट, मामंजींची धोतरं, आणि सान्यालबाबूंनी आणून दिलेल्या खजुरी गुळाच्या मोठाल्या चकत्या. मामंजी त्या वेळात गॅलरीत जाऊन पाठ करून उभे राहिले. हावड्याला सामान चढवल्यावर हे म्हणाले, "अण्णा, एकदा बघून घ्या ट्रंक." "काय बघायचंय त्यात?" मामंजी म्हणाले. गाडी हलली. आम्ही घरी पोचल्यावर ह्यांनी खिशात हात घातला तर किल्ली खिशातच.

हे फार हळहळले. तातडीनं तार केली, कुलूप तोडा म्हणून. मला मात्र आजही ते विसरणं पटत नाही. मामंजी सगळं विसरतील, किल्ली विसरणार नाहीत.

कुलूप तोडलं नाही. दिरांनी हातोडी आणली तर मामंजी ट्रंकेवर जाऊन बसले. "ज्यानं लावलंय तो येऊन उघडेल." जाऊबाईंनी साड्यांवरून अबोला धरला. मग ऊन तापलं आणि ट्रंकेला मुंग्या लागल्या. आधी एक रांग, मग चारी बाजूंनी. जाऊबाईंनी ट्रंकेखाली चार वाट्यांत पाणी ठेवलं, हळद टाकली, मामंजींच्या नावानं बोटं मोडली. जन्मभर लोकांच्या पोत्यांत सळई घालणारा माणूस, डोळ्यांसमोर मुंग्या आत शिरताना बघत होता आणि काडी लावत नव्हता. अख्खा गाव गंमत बघून गेला म्हणे.

मे महिन्यात आम्ही गावी पोचलो. मामंजींनी ह्यांना पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. "आधी उघड," म्हणाले. ह्यांनी किल्ली फिरवली, झाकण वर केलं आणि वासाचा भपकारा आला. गूळ पाघळून सगळ्या कापडांत उतरला होता. साड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. जाऊबाई कपाळावर हात मारून मटकन बसल्या. मामंजी स्वतःच पुढं झाले आणि एकेक चिकट घडी उचलायला लागले. धोतरांच्या खाली, अगदी तळाशी, गुळात रुतून बसलेलं काहीतरी लाकडी होतं. त्यांनी ते ओढून काढलं. रिळांची चाकं, वाकडं धुराडं.

"हे कुणी घातलं?"

"मी," नंदू पुढं होऊन म्हणाला. "बाबा पाणी प्यायला गेले तेव्हा. तिथं गावाला गोठा तो खरा आहे ना, म्हणून." मग त्यानं आजोबांकडे रोखून पाहिलं. "तुम्ही टोचून बघितलं नाही?"

"नाही."

"का?"

मामंजी दोन्ही हातांत तो गुळानं माखलेला ट्रॅक्टर धरून उभे होते. "तुझ्या बापानं भरली होती ट्रंक," ते म्हणाले. "त्याच्या गाडीत काय बघायचं?"

हे एकदम वळले आणि हात धुवायला म्हणून परसात गेले. बराच वेळ आले नाहीत. मी तांब्या घेऊन मागं गेले, पण दारातच थांबले. ह्यांनी ट्रंकेला नुसती किल्ली लावली होती. ह्यांच्या हाताला गूळ लागलाच नव्हता.